पिशवीतलं कणीस

तात्यांच्या रानाकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी एकसारखी दिसायची. एकाच उंचीची ज्वारी, एकाच रंगाची पानं आणि सगळीकडे सारखीच पोचट कणसं. बांधाबांधावर खुंटीला एक पिवळा चिमटा लटकत होता. सरकारी कागदांत त्याचं नाव गुणदर्शी, पण गावात सगळे त्याला चिमटाच म्हणत. रोप वीतभर झालं की त्याचं पान चिमट्यात धरायचं. चिमटा पानातली जनुकं वाचायचा. हिरवा दिवा लागला तर रोप ठेवायचं, लाल लागला तर उपटायचं. कमी पाण्यावर तगणारी, वाऱ्यात न लोळणारी, टपोऱ्या दाण्याची ज्वारी तेवढी शिल्लक राहायची. होता होता तालुक्यात एकाच वळणाची ज्वारी उरली. पुढे थंडीतल्या रात्रीही तापू लागल्या. फुलोऱ्यातले पराग उष्म्याने मरू लागले आणि सगळ्यांची कणसं एकदमच भरेनाशी झाली. एकीला जे सोसलं नाही ते कुणालाच सोसलं नाही.

तात्यांनी चिमटा कधी वापरला नव्हता. "एसटीच्या डेपोत गाड्यांच्या बॅटऱ्यांना चिमटे लावण्यात जन्म गेला. आता पिकाला तरी मोकळं सोडतो," ते म्हणायचे. म्हणून त्यांच्या अर्ध्या एकरात अजून उंच, बुटकी, लालसर, फिकी अशी सगळी सरमिसळ होती. कणगीतलं शेवटचं बी त्यांनी यंदा पेरलं होतं.

वैजयंता त्यांची एकुलती मुलगी. ज्वारीच्या पैदाशीवर संशोधन करण्यातच तिची वर्षं गेली होती. दत्तजयंतीला ती आली तेव्हा रान फुलोऱ्यात होतं. ज्वारीच्या ताटाताटाला हात लावून तिने पाहिलं, तर सगळ्यांचे परागकोश पांढरे, कोरडे पडलेले. फक्त विहिरीच्या कोपऱ्यातलं एक ताट हलवताच तळहातावर पिवळी धूळ पडली. मोबाइलच्या भिंगाखाली पराग गोल, भरीव दिसले. जिवंत होते. शेजारच्या बांधावरचा चिमटा आणून तिने पानाला लावला. लाल दिवा लागला. चिमट्याच्या यादीतला एकही गुण त्या ताटात नव्हता.

दुसऱ्याचे पराग लागू नयेत म्हणून तिने त्या कणसावर खाकी कागदाची पिशवी बांधली आणि बजावलं, "तात्या, मी येईपर्यंत याला कुणाला हात लावू देऊ नका."

तिने सोबत नेलेलं त्या ताटाचं पान प्रयोगशाळेत पुरतं वाचून झालं होतं. इतर ज्वारीपेक्षा त्यात हजारो बारीक फरक होते. त्यातल्या कोणत्या फरकाने पराग जगवले, हे नुसतं पान वाचून सांगता येत नव्हतं. त्यासाठी पुढची पिढी हवी होती. दाणे पेरायचे, कोणतं रोप उष्म्यात तगतं, कोणतं नाही ते पाहायचं आणि ताळा जुळवायचा. सगळे त्या दाण्यांसाठी खोळंबले होते.

संक्रांतीला ती बांधावर पोचली तेव्हा आगटी विझत आली होती. शेजारच्या हौसाकाकू गरम राख बाजूला सारत होत्या.

"आली गं डॉक्टरीण! आता पानांचे एक्स-रे काढ."

"आधी बस," तात्या म्हणाले. त्यांनी तिच्या तळहातावर कोवळा, वाफाळता हुरडा ओतला. "खा. मग बोलू."

तिने घास घेतला. कणसं भरेनाशी झाल्यापासून, तीन वर्षांनी ती चव जिभेवर आली होती. दुधाळ, गोड, किंचित धुरकट.

"किती गोड आहे! कुठनं आणला? सगळीकडे तर पोचट."

तात्या हसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी नीट घडी घातलेली खाकी पिशवी काढली.

"तुझाच की. पाखरं टपलेली, ही हौसा टपलेली. पण तू येईपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाई."

"एक दाणा मागितला तर म्हाताऱ्यानं काठी उगारली गं!"

वैजयंताचा घास तोंडातच राहिला. लग्नानंतर दर संक्रांतीला ती माहेरी यायची, आणि तिच्यासाठी आई रानातली सगळ्यांत गोड कणसं लुगड्याच्या चिंध्या बांधून पाखरांपासून राखायची. आई गेल्यावर तेच काम तात्यांनी हाती घेतलं होतं. यंदा कणीस एकच होतं. बांधून मात्र लेकीनेच ठेवलेलं.

"सगळं भाजलंत?"

"मग? लेकीला अर्धं कोण देतं?"

ती वाकून राखेत बोटं फिरवू लागली. एक हिरवा, आच न लागलेला दाणा मिळाला असता तरी प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याचं रोप वाढवता आलं असतं. हाताला लागला तो नुसता भुसा.

"काय शोधतीस?"

"सांडलेला एखादा."

"लहानपणीची सवय गेली न्हाई बघ तुझी." तात्यांनी उरलेली मूठ तिच्या हातावर ठेवली. "तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगी वाळली."

फोन वाजला. प्रयोगशाळेचं नाव पाहून तिने तो उलटा ठेवला. तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने एकेक दाणा चावून खाल्ला, शेवटचासुद्धा.

मग ती विहिरीच्या कोपऱ्यात गेली. ताट कापून म्हशीला घातलेलं होतं. जमिनीत बोटभर खुंट राहिला होता. कधी कधी अशा खुंटातून नवा फुटवा येतो, कधी कधी त्याला कणीसही धरतं. या दिवसांत, या उन्हात त्याची शक्यता किती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने बादलीभर पाणी आणलं आणि गुडघ्यांवर बसून बुडाशी ओतलं. भेगेने ते लगेच गिळून टाकलं. तिने पुन्हा बादली भरली.

काठी टेकत तात्या मागे येऊन उभे राहिले.

"त्याचं काम झालं की आता. पाणी कशाला वाया घालवतीस?"

ती आणखी खाली वाकली. खुंटाच्या कांड्यावर बारीकसा डोळा दिसत होता. हिरवा आहे की सुकलेला, तिला नीट दिसेना. तिने डोळे पुसले.

"वैजू," तात्या म्हणाले, "पुढच्या संक्रांतीला चार कणसं राखतो. तुझ्या हापिसातल्या माणसांनाबी घेऊन ये. येशील न्हवं?"