टेस्टचा फोटो

प्रकाश लावायचा मी आणि बटण दाबायचं नवऱ्याने, अशी आमच्या स्टुडिओत एकवीस वर्षांची वाटणी आहे. बोर्डावर नाव मात्र त्याचं एकट्याचं. असो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की भला माणूसही चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. म्हणून तो बाजूला स्टँडवर लावायचा, सावली मऊ पडायला पुढे पांढरी छत्री उघडायची आणि कॅमेऱ्यावरच्या बिनतारी ट्रिगरने लांबून उडवायचा. आधी डावा एकटा, मग उजवा, मग दोन्ही. गिऱ्हाईक यायच्या आत हे जमवावं लागतं, म्हणून टेस्टला स्टुलावर मी बसते.

"हनुवटी वर," तो म्हणतो. "थोडी खाली. बास." फोटो बघतो आणि पुसून टाकतो. एकवीस वर्षं रोज माझ्यावर उजेड पडतोय आणि लग्नानंतरचा माझा एक धड फोटो घरात नाही. यंदा मी हटूनच बसले, तेव्हा "रविवारी काढू," म्हणाला. आजारपणात माझे केस गेले होते, ते आत्ता कुठे बोटभर आले होते. म्हटलं, असू दे, आहे तशी काढ.

शुक्रवारी तो एका कंपनीत गटफोटोला गेला, गाडीने दीड तास लांब. एक फ्लॅश आणि ट्रिगर सोबत नेला. उरलेल्या दोन फ्लॅशच्या छत्र्या काढून मी पुसत बसले होते. स्टँड छातीइतके खाली घेतलेले, आणि बॅटरी किती टिकते ते बघायला फ्लॅश चालू ठेवलेले.

तीनच्या सुमाराला डावा फ्लॅश उडाला.

पूर्वी गल्लीतल्या दुसऱ्या स्टुडिओच्या ट्रिगरने आमचे फ्लॅश उडायचे, म्हणून आम्ही ट्रिगरला वेगळं, सात नंबरचं चॅनल धरलं. तो स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला. ट्रिगरची पोच फार तर शंभर पावलं. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

उजवा उडाला. मग दोन्ही.

हा क्रम मीच नवऱ्याला शिकवलेला.

पुढच्या उजेडात माझं लक्ष करड्या पडद्याकडे गेलं आणि आधी मला राग आला. पडद्यावर सावली पडली की आमच्या धंद्यात नाक कापलं जातं. ती पडू नये म्हणून तर स्टूल मी सहा फूट पुढे ठेवते. वाटलं, स्टुलाचीच सावली असेल. पुन्हा उजेड झाला. सावली स्टुलावर बसलेल्या बाईची होती. मानेवर अंबाडा होता.

स्टूल रिकामं होतं. मी त्याच्यावर हात फिरवला. माझ्या हाताची सावली तिच्या सावलीत बुडून गेली.

मी नवऱ्याला फोन लावला.

"काय गं?"

"तुझा ट्रिगर चालू आहे का?"

"असणारच की. काम करतोय मी." मग फोन जरा लांब धरून, मऊ आवाजात म्हणाला, "हनुवटी वर."

माझ्यासमोर दोन्ही फ्लॅश उडाले. पडद्यावरच्या बाईने हनुवटी वर केली होती.

"थोडी खाली."

तिने खाली केली.

"बास."

त्या आवाजात तो माझ्याशी शेवटचं कधी बोलला होता, मला आठवेना. भुताची भीती वाटायची ती राहिलीच बाजूला, मला सवतीचा संताप आला. फोन मीच बंद केला.

तो संध्याकाळी आला. मी त्याच्यादेखत कॅमेऱ्यातलं कार्ड तपासलं. ताठ उभ्या माणसांचे वीस गटफोटो, बाकी काही नाही.

"टेस्टला कोण बसली होती?"

"पन्नास माणसांच्या फोटोत कुणाची हनुवटी बघणार मी? भास झाला असेल तुला. औषधांनी होतं तसं."

लेन्स पुसताना त्याने मान वर केली नाही. तो याआधी खोटं बोललाच नसेल असं नाही, पण माझ्या आजारपणाआड कधी लपला नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही आणि त्याने विचारलंही नाही.

रविवारी सकाळी त्याने स्वतःहून हाक मारली. जाऊन बघते तर प्रकाश त्यानेच लावून ठेवलेला. स्टँड छातीइतके खाली, छत्र्या नाहीत.

"असा लावतात का?" मी म्हटलं.

"बस तर खरी."

मी बसले. डावा. उजवा. दोन्ही.

"हनुवटी वर."

मी मुद्दाम खालीच ठेवली. म्हटलं, बघू तरी कोण वर करतंय.

फ्लॅश उडाले.

"बास," तो म्हणाला, त्या मऊ आवाजात.

त्याचा अंगठा आपोआप पुसायच्या बटणाकडे जातो, मी रोज बघते. आज तो वाटेतच थांबला.

"हा ठेवू या," तो म्हणाला.

"दाखव."

फोटोत मी होते, मान खाली घातलेली, डोक्यावर बोटभर केस. मागे पडद्यावर माझी सावली हनुवटी वर करून बसली होती. अंबाड्यातून सुटलेली एक बटसुद्धा स्पष्ट दिसत होती. मी मात्र पुसट आले होते.

एकवीस वर्षांत त्याचा फोकस एकदाही चुकलेला नाही.