आफरीनचा उजवा पाय

आफरीन आणि कावेरी एकाच सकाळी, एकाच मैदानावर तयारी करत होत्या. मग आफरीनच्याच मांडीतला स्नायू का फाटला?

२०६४ सालच्या त्या क्रीडा-वसतिगृहात जो तो हेच विचारत होता. कावेरीला मात्र उत्तराची धास्ती होती. खो-खोच्या निवडीआधी, कडाक्याच्या गारठ्यात, पाय पसरून वाकलेल्या आफरीनच्या पाठीवर तिनेच हिसके देत दाबलं होतं. प्रशिक्षक सरांनी नोंद केली, 'खेळाडूचा निष्काळजीपणा.' आफरीनची जागा कावेरीला मिळाली.

उपचारकक्षात निरामय नावाचा यंत्रमानव होता. कावेरीने त्याला विचारलं, "माझ्यामुळे झालं का रे?"

"मांडीच्या मागच्या स्नायूंना, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, हिसका बसला की ते आपोआप आखडतात. हा ताण-प्रतिक्षेप, म्हणजे शरीराने स्वतःला सावरणं. स्नायू आखडत असताना तू दाबत राहिलीस, आणि तो थंड होता. बहुधा त्यामुळेच."

कावेरीने विचारलं, "मग ताण द्यायचाच नाही?"

"द्यायचा. धावण्याआधी पाय हलकेच पुढे-मागे झुलवायचे, म्हणजे स्नायू गरम होतात. खेळ संपल्यावर ताण अर्धा मिनिट स्थिर धरायचा. धावण्याच्या तोंडावर फार वेळ धरला, तर जोर काही काळ कमी होतो. तिसरी रीत जोडीची. उताणं पडून उचललेल्या पायाची टाच जोडीदाराच्या हातावर पाच-सहा सेकंद रेटायची, सैल सोडायची, मग पाय आणखी थोडा वर न्यायचा. फरक बरेचदा लगेच दिसतो."

"स्नायू लांब होतो?"

"लगेच नाही. आधी मेंदूला ताण सोसायची सवय होते. रोज केलं तर तिन्ही रीतींनी लवचिकपणा वाढतो. हिसक्याने धोका वाढतो."

कावेरीने सरांना सगळं खरं सांगितलं. तिची संघातली जागा गेली. आफरीनने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "परत येऊ नकोस."

अकरा आठवडे दोघींत एक शब्द नव्हता. मग एका दुपारी आफरीनचा निरोप आला.

आफरीन उपचारकक्षात चटईवर उताणी पडली होती. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसत होती. "निरामयचे हात लोखंडासारखे गार आहेत," ती रुक्षपणे म्हणाली. "तू धर. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"हो."

टाच कावेरीच्या तळव्यावर रेटली गेली. सहा सेकंद. पाय थरथरला, सैल पडला. कावेरीने तो अगदी सावकाश उचलला. दोन बोटं वर गेला.

"थांब."

कावेरी थांबली. आफरीनने डोळ्यांच्या कडा पुसल्या.

"पुढच्या निवडीला चार महिने आहेत," ती म्हणाली. "पुन्हा धर."