कोयता न लागलेली कारवी

सकाळी धारवाडीवर ड्रोन घोंगावले, पण कुणी मान वर करून पाहिलं नाही. बायका धुणी वाळत घालत राहिल्या. वरच्या उतारावरच्या कारवीवर कळीरोधक फवारलं जाणं आता पाणी भरण्याइतकं रोजचं झालं होतं.

विद्या तळपे मात्र उतारावर उकिडवी बसून छाटलेले बुंधे तपासत होती. हिवाळ्यात तिनेच चाचणीसाठी, कुणाला न सांगता, ही मोजकी झुडपं बुडापासून तोडली होती. एकालाही फुटवा नव्हता. गाभा भुसभुशीत, आणि मूळ ओढावं तर मातीसकट हातात.

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि फुलली की अख्ख्या उतारावरची एकदम मरते, माती धरायला मुळं उरत नाहीत. अशाच एका बोडक्या पावसाळ्यात दरड कोसळून खालची आळी गाडली गेली. विद्याचे वडीलही त्यात गेले. पुढे वनस्पतिशास्त्र शिकून तिने कळीरोधक शोधलं ते त्याच रागातून. कळीच धरू द्यायची नाही, म्हणजे मरण नाही. वाडीने तिला डोक्यावर घेतलं. "दरसाल थोडी थोडी छाटा, म्हणजे बुडातून नवी फुटेल," असं तिने बजावलं होतं. पण ज्यांची माणसं मातीत गेली ते ऐकतात होय! साऱ्यांनी वाघोबा देवापुढे शपथ घेतली, कारवीला कोयता लावायचा नाही. तेव्हा विद्यालाही भरून आलं होतं. कारवी मेली नाही, नुसती म्हातारी होत गेली, आता तोडली तरी फुटेना इतकी.

आता फवारा थांबवला तर ती फुलून मरणार, चालू ठेवला तर उभ्या उभ्या कुजणार. इतक्या वर्षांत बी धरलंच नव्हतं. आणि पावसाळा तोंडावर आला होता.

ती तडक भागूमावशीकडे गेली. आईच्या मागे मावशीनेच तिला वाढवलं होतं.

"मावशी, घर सोडावं लागेल. डोंगर खाली येईल."

"तुझ्याच भरवशावर बांधलं गं हितं. आता कुठं जाऊ?"

विद्याची नजर शेळ्यांच्या गोठ्यामागे गेली. तिथे उताराच्या कोपऱ्यात गुडघाभर उंच, कोवळी कारवी उभी होती. ती धावत गेली, माती उकरली. मुळं पांढरी आणि घट्ट होती.

"ही कुणी तोडली?"

मावशीने आधी वाटेवर कुणी नाही ना ते पाहिलं. "म्याच. शेळ्यांच्या गोठ्याचा कूड विनायला काठ्या लागायच्या. कुणी नसलं की जराशी तोडायचे. शपथ मोडली म्हणूनच डोंगर कोपला नव्हं? वाडीला सांगू नको, पोरी. वाळीत टाकतील."

विद्याने तिला घट्ट मिठी मारली. "अगं, तू तोडलीस म्हणून एवढी तरी जगली! हिला आता फुलू द्यायची. बी धरलं की सगळ्या उतारावर टाकू. पण वरती हिरवं दिसतंय तोवर कुणी घर सोडणार नाही. माझं तेव्हा पटलं नाही, आताही पटायचं नाही त्यांना. तू सगळ्यांसमोर सांग, त्यांना इथे आणून वरची कुजकी आणि ही पांढरी, दोन्ही मुळं दाखव."

मावशीने पदराने डोळे पुसले. तिने वरच्या हिरव्यागार उताराकडे पाहिलं, मग त्या खाटेएवढ्या तुकड्याकडे.

"सांगते. काय व्हायचं ते व्हवो. पन ही फुलंल, बी धरंल, ते रुजंल... तवर डोंगुर थांबंल का गं?"