एकाच गालाच्या दोन काड्या

"फ्रीजमधल्या थंडीलाही बोट लावून बघतील या बाई," चपलांवर प्लास्टिकची पिशवी चढवताना तंत्रज्ञ बाई शेजारणीच्या कानात पुटपुटली. मी पडद्यापलीकडेच उभी होते.

बघणारच होते. जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळांना मान्यता द्यायची की नाही, हे ठरवणं माझं काम. त्यात आयुष्यभर सासूच व्हावं लागतं.

इथं मात्र खोड काढायला जागा नव्हती. पारा बरोबर, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ. उरली आमची ठेवणीतली परीक्षा. एकाच माणसाच्या गालातून कापसाच्या दोन काड्या फिरवायच्या आणि दोन निराळ्या माणसांच्या म्हणून द्यायच्या. दोन्ही एकाचेच नमुने आहेत, हे प्रयोगशाळेनं ओळखलं तर पास. मी नेहमी माझाच गाल वापरते. घरचा आहे, फुकट आहे.

प्रमुख डॉक्टरीणबाई उत्तर घेऊन आल्या. "दोघी सख्ख्या बहिणी आहेत."

नापास म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मला एक ताई, तीन वर्षांनी मोठी. मी चार वर्षांची असताना, तापानं फणफणलेल्या ताईला बाबांनी दवाखान्यात नेलं आणि ते एकटेच परत आले. "बरी होऊन येईल," म्हणाले. त्यानंतर विषय निघाला की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं. मोठेपणी मला कळलं नाही, असं नाही. पण आई अजून अंथरुणं घालताना माझ्या शेजारी जागा सोडते, आणि मीही तिकडे पाय पसरत नाही.

"पुन्हा करा," मी म्हटलं.

सगळ्यांदेखत, त्याच गालातून. पहिली काडी कोरडीच फिरली. दुसरी फिरवताना जिभेवर कडू-गोड औषधाची चव आली. गाल आतून ऊन लागला.

उत्तर तेच. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "पेशींवरून वयाचाही अंदाज येतो, मॅडम. दुसरी मुलगी सहा-सात वर्षांची आहे. कोण आहे ती?"

"नापास" असं लिहून सरळ घरी जाता आलं असतं. पण मग ताई ही त्यांची चूक ठरली असती, आणि एवढ्या वर्षांनी सापडलेली ती मला चूक म्हणून खोडवेना. दुसऱ्या दिवशी मी आईलाच घेऊन आले. नियमात बसत नव्हतं.

आईनं निमूट तोंड उघडलं. "दात गेले, आता गालच गाल आहेत. घ्या हवे तेवढे." तंत्रज्ञ बाई पहिल्यांदाच हसली.

दुपार कलल्यावर आम्हाला आत बोलावलं.

"दोघीही तुमच्याच मुली, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धाकटीला नाही आणलंत?"

"धाकटी हीच."

डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुन्हा उघडला.

"मग ती लहान मुलगी..."

आईनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. ताप बघावा तसा गालावर तळहात ठेवला.

आतून काहीतरी त्या हाताकडे सरकलं.

आई वाकली. माझ्याशी नाही, माझ्या गालाशी बोलली, अगदी हळू, झोपेतून उठवावं तसं.

"पोरी, तू त्याच रात्री मेलीस गं. तुला कुणी सांगितलंच नाही."