आत किती माणसं

मच्छिंद्र फिटर भुताला भीत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, भित्र्या माणसाला काय, दोरीसुद्धा साप दिसते. त्याच्या घराण्यानं देवदेवस्की आन् भुतंखेतं बापाच्या काळातच उंबऱ्याबाहेर घातली होती. रातपाळीला तो मसणवटीतून शीळ घालत जायचा. त्याला भीती होती ती एका म्हातारीची. दौंडच्या बाजारात भामाबाई दिसली, की हा एवढा दांडगा गडी घेतलेली भाजी तिथंच टाकून दुसऱ्या बोळात शिरायचा.

भामाबाईचा थोरला, भैरू, कारखान्यात हंगामी कामाला होता. नव्व्याण्णव साली एका दुपारी तो नाहीसा झाला. काम सोडून सुरतेला पळाला, असं कारखान्यानं कळवलं. म्हातारीला ते पटलं नाही. जन्मभर मेंढरं मोजलेली बाई ती, एक कमी भरलं तर रान पालथं घालणारी. ती ज्याला-त्याला विचारायची, मच्छिंद्रलाही विचारायची, आन् मच्छिंद्र मान हलवून न्हाई म्हणायचा. तो खोटं बोलत होता. भैरू कुठं आहे, हे त्याला चांगलं माहीत होतं.

दोन हजार आठच्या जूनमधली गोष्ट. शिरूरच्या बाजूला, भीमेच्या काठचा तो खाजगी साखर कारखाना. नाव नाही सांगत, घेण्यासारखं नाही ते. गाळप संपलेलं, दुरुस्तीची कामं चाललेली. स्टोअरमध्ये पुण्याहून एक पार्सल आलं. स्टोअर बघायची सुषमा, भैरूची धाकटी बहीण. पार्सलात दोन काळ्या, जाडजूड एलईडी बॅटऱ्या होत्या. टॉर्चला आपल्याकडं सगळे बॅटरीच म्हणतात. बॉयलरवाल्यांना घ्यायच्या की नाही, ते चाचणी करून ठरवायचं होतं. मच्छिंद्र सगळ्यांत जुना फिटर, म्हणून फॉर्मवर सही त्याची.

चाचणी म्हणजे हनुमंत हेल्परची जत्राच झाली. मिलच्या माचीवरून बॅटरी खाली सिमेंटवर टाकली. तासभर मळीच्या बादलीत बुडवून ठेवली. शेवटी ट्रॅक्टरचं चाक अंगावरून नेलं. बॅटरी ढिम्म. काचेला ओरखडा नाही, उजेड दुपारच्या उन्हातसुद्धा डोळ्यात घुसत होता. मच्छिंद्रनं तरी खोड काढलीच. हाताला ग्रीस लागलं की निसटती, बटण लई बारीक हाय, हातमोज्यानं दबत न्हाई. सुषमानं तेवढंही फॉर्मवर लिहिलं.

मग तिनं पार्सलातली एक डबी उघडली. प्रत्येक बॅटरीच्या बुडाला बसवायचं एकेक टोपण होतं त्यात. मूळचं टोपण काढून हे लावायचं, बटण दाबून धरून त्याला एक आकडा शिकवायचा. त्यानंतर ते टोपण दर अर्ध्या मिनिटाला तेवढ्या वेळा बॅटरी आपोआप लुकलुकवायचं. माणूस आत बेशुद्ध पडला, तरी त्याची बॅटरी बोलत राहणार.

“अंधारातली चाचणी राहिली,” सुषमा म्हणाली. “ती जुन्या फ्लूमधी करू.”

मच्छिंद्रनं फॉर्म बाजूला सारला. स्टोअरच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत कर की, असं तो म्हणाला. “न्हाई, फ्लूमधीच,” ती म्हणाली. येत्या सोमवारी त्या फ्लूमध्ये मुरूम भरून तो कायमचा बुजवायचा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फ्लू म्हणजे जुन्या बॉयलरपासून चिमणीपर्यंत जमिनीखालून गेलेला विटांचा बोगदा. धूर त्यातून जायचा, राख त्यात साठायची. महिन्याला एक दिवस बॉयलर थंड करून माणसं आत उतरून राख काढायची. एक माणूस लोखंडी दाराशी बाहेर उभा. तो हातोडीनं दारावर एक ठोका मारायचा, मग आतल्यांनी आपापल्या नंबरानं फावड्याच्या दांड्यानं जबाब द्यायचा: पहिल्यानं एक ठोका, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन. बाहेरच्यानं मोजायचं आन् दारावर खडूनं आकडा लिहायचा. वाफ, धूळ, अंधार; तिथं तोंडाच्या बोलण्याला अर्थ नव्हता. ठोका खरा.

त्या दिवशी बाहेर मच्छिंद्र होता. रजिस्टरात दोन नावं, पण आत तिघं. तिसऱ्या कुणाचं तरी नाव खोडलेलं, त्याच्या बदल्यात भैरू ऐनवेळी उतरला होता, आन् त्याचं नाव चढवायचं राहिलं होतं. वरचा राखेचा ढिगारा ढासळला. दोघं भाजून, शुद्ध हरपत बाहेर आले; पुढं कारखान्यानं पैसे देऊन त्यांची तोंडं बंद केली. तिसऱ्याचे ठोके येत राहिले… तीन, मग तीन, मग तीन. मच्छिंद्र शिफ्ट इंजिनिअरकडं धावत गेला. इंजिनिअर रजिस्टर बघून म्हणाला, दोन नावं, दोन माणसं बाहेर. गरम पत्रा वाजतोय, दार लाव. वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बॉयलर पेटला. मच्छिंद्रची नोकरी तेव्हा कुठं कायम व्हायच्या बेतात होती. त्यानं दारावरचा तीन पुसून दोन लिहिला.

एवढं केल्यावर माणसाला भुताची गरज राहत नाही.

शनिवारी भर बारा वाजता तिघं फ्लूपाशी आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मच्छिंद्रनं दाराचे बोल्ट सोडले, तसा आतून थंड वारा आला. नऊ वर्षं बंद बोगदा, त्याच महिन्यात नवा बॉयलर आल्यापासून न उघडलेला, आन् वास मात्र ताज्या जळालेल्या भुश्याचा. दार तासभर उघडं ठेवून हवा खेळू दिली. मग सुषमानं एक बॅटरी स्वतः घेतली, एक आकडा शिकवून; दुसरी हनुमंतला दिली, दोन शिकवून. मच्छिंद्रला तिनं दाराशी उभं केलं.

“मामा, तुम्ही फक्त मोजा,” ती म्हणाली. “खरं मोजा.”

दोघं आत गेली. पांढरा उजेड भिंतींवरून सरकत लांब गेला, मग ठरल्याप्रमाणं दोघांनी मोठे दिवे बंद केले. काळोख झाला. मच्छिंद्र दारात वाकून बघत होता. लांबवर एक लुकलुक झाली. तिच्याजवळच दोन. छान चाललं होतं. त्यानं खडू उचलला.

आणि त्या दोघांच्याही पलीकडं, बोगदा वळतो तिथल्या आडव्या भिंतीमागं, उजेड झाला. एकदा… दोनदा… तीनदा.

तो उजेड पांढरा नव्हता. पिवळट होता, सेल उतरलेल्या जुन्या पितळी बॅटरीसारखा.

“सुषमा!” त्यानं हाक मारली.

दोघं घाईनं बाहेर आली. मच्छिंद्रनं दोन्ही बॅटऱ्या त्यांच्या हातांतून हिसकून घेतल्या, उन्हात धरून उलट्यापालट्या केल्या. आत कुणी राहिलं का, असं विचारलं. हनुमंतनं न्हाई म्हणून मान हलवली. त्यानंही बघितलं होतं.

“किती मोजली, मामा?” सुषमानं हळूच विचारलं.

मच्छिंद्र परत दारात वाकला. आत पुन्हा पिवळं लुकलुकलं. तीन.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर आले. नव्व्याण्णवचा शिफ्ट इंजिनिअर, तोच आता वर्क्स मॅनेजर झालेला. चाचणी झाली ना, मग फॉर्मवर सही करा आन् दार लावून घ्या, असं ते म्हणाले. ते बोगद्याकडं तोंड करून उभे होते. उजेड त्यांनाही दिसला असणार, कारण ते एकदम बाजूला सरकले. फॉर्ममध्ये एक रकाना होता: आत किती माणसं, बाहेरून किती मोजली. तिथं दोन लिहा, असं त्यांनी स्वतः बोट ठेवून सांगितलं.

मच्छिंद्रनं बोटाकडं बघितलं. मग पेन घेऊन तीन लिहिला. दारावर खडूनं तीन लिहिला, हातभर मोठा.

“साहेब, त्या दिशी मी तीन मोजली व्हती,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगितली व्हती. तुम्ही पत्रा म्हणालात आन् मी पुसलं. आता पुसायचं न्हाई. नोकरी घ्या, काय घ्यायचं ते घ्या.”

त्यानं हातोडी उचलून दारावर ठोका मारला. आतून, त्याच आडव्या भिंतीमागून, लोखंडाचे ठोके आले. ठक्. ठक्. ठक्. मच्छिंद्रचं वय झालं होतं, गुडघे धरले होते. पण सुषमाची बॅटरी घेऊन तो आत शिरला. भीती वाटत नव्हती असं नाही. चड्डीत मुतायची पाळी आली होती, हे तो नंतर स्वतःच सांगायचा. पण मागं फिरला नाही. भिंतीमागच्या राखेत त्यानं हातानं उकरलं. फावड्याचं पातं लागलं, वितळलेली पितळी बॅटरी लागली, आन् मग भैरू लागला.

पोलीस आले, पंचनामा झाला. भामाबाईला कुणीतरी मोटारसायकलवरून आणली. पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं तिनं मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मच्छिंद्र समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिनं मान वर केली.

“तू बाजारात तोंड चुकवायचास ना, तवाच मला कळलं व्हतं,” ती म्हणाली. “म्हनून तर इचारायचं सोडलं न्हाई.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आन् त्यानंही मागितलं नाही.

उन्हं कलली. पोलिसांची गाडी निघायच्या बेतात होती. मॅनेजर कुणाला तरी फोनवर सांगत होते की सोमवारचं काम सोमवारीच होईल, मुरमाचे डंपर पाठवा. मच्छिंद्र दार लावायला गेला. दार लावण्याआधी बाहेरच्या माणसानं शेवटचा ठोका मारून बघायचा असतो. कोणी नाही ना आत, एवढ्यासाठी. नऊ वर्षांमागं त्यानं तो मारला नव्हता. आता मारला.

थोडा वेळ काही नाही. मग बोगद्याच्या पार टोकाकडून, चिमणीखालून, सावकाश आवाज आला. ठक्. ठक्. ठक्… ठक्.

चार.

हनुमंत दारापासून मागं सरला. त्या दिवशी तर आत तिघंच होते. हा चौथा कोणत्या सालचा, कोणाच्या बदल्यात उतरलेला, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मॅनेजर मोठ्यानं म्हणाले की उन्हानं पत्रा वाजतोय, दार लावा.

भामाबाई उठली. गाठोडं छातीशी धरून चालत आली आन् उघड्या दाराच्या तोंडावरच फतकल मारून बसली.

“त्याचीबी कोन तरी आई आसंल,” ती म्हणाली. “माझं गावलं. तिचं गावल्याबिगर मी हितनं उठत न्हाई. टाक तुझा मुरूम माझ्या डोक्यावर.”

मच्छिंद्रनं खडू घेतला. तीनच्या खाली चार लिहिला, रेघ पक्की ओढली, आन् आत तोंड घालून ओरडला, “कोन रं तू? घाबरू नगंस. मोजलाय तुला.”

जबाबात पुन्हा ठोके सुरू झाले. म्हातारी बोटांच्या पेरांवर मोजू लागली, मेंढरं मोजावीत तशी. या वेळी ते चारवर थांबले नाहीत.