बाहेरचा पहारेकरी

श्रीरामपुरात आमच्या फ्रीमेसन मंडळाच्या लॉजला सगळे जादूघर म्हणतात. दारावर कोरलेला गुण्या आणि कंपास, बैठकीला दारं-खिडक्या बंद. लोकांना तेवढं पुरतं. आत काय करायचं ते करोत. माझा नवरा, आमोस, तिथे बाहेरचा पहारेकरी. तलवार घेऊन व्हरांड्यात उभं राहायचं. आतून तीन ठोके आले की बाहेरून तीन द्यायचे. त्याशिवाय बैठक सुरूच होत नाही. जुनी रीत म्हणे. मी चिडवायचे, "हेडमास्तरचे वॉचमन झालात!"

गेल्या महिन्यात स्कूटर पंक्चर झाली, उशीर झाला. आमोस पोचले तर बैठक सुरू. बाहेर कोणी नाही. सुटल्यावर सेक्रेटरी जस्टिन म्हणाला, "अरे, तूच तर ठोके दिलेस!"

झालं! आमोस सरांना विसर पडतोय, असं गावभर. मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबांना एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना दाखव. आमोसचं जेवण तुटलं. "नॅन्सी, मी नव्हतो गं तिथे," एवढंच म्हणत. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. जस्टिनला ती जागा मेव्हण्याला द्यायची असणार.

पुढच्या बैठकीला मीच गेले, साक्षीला. बाईमाणसाला आत मज्जाव; व्हरांडा काही कुणाच्या बापाचा नाही.

भर दुपार. दार आतून लागलं. आसपास चिटपाखरू नाही. एवढ्या उन्हात फरशी मात्र ओली गार लागत होती. आतून तीन ठोके आले. आमोसनी मूठ उचलली.

त्याआधीच उत्तर वाजलं. आमच्या बाजूने. दाराची फळी माझ्यासमोर थरथरली.

"मी नाही गं," आमोस पुटपुटले.

"बघतेय ना मी! ओरडा."

"जस्टिन! मी आमोस! बाहेर उभा आहे!"

आतून जस्टिनचा शांत आवाज आला, "बाहेर कोणी परका?"

"कोणी नाही."

आवाज आमोसचा होता. ओठ मिटलेले होते.

प्रभू येशू! मी त्यांचा दंड घट्ट धरला.

बैठक सुटली. जस्टिन बाहेर आला आणि आमोसच्या शेजारी, रिकाम्या जागेशी हात मिळवून म्हणाला, "आज वेळेवर आलास, शाब्बास." आमोसनी त्याची बाही ओढली. त्यानं माशी झटकावी तशी झटकली. मग माझ्याकडे वळून हसला. "वहिनी, न्यायला आलात होय याला?"

मी आमोसना हाताला धरून घरी आणलं. "मी आहे ना साक्षीदार," वाटभर त्यांना सांगत होते. 

जाताना मी घराच्या दाराला कुलूप घातलं होतं. आता कुलूप नव्हतं. कडी आतून होती.

बेल दाबली.

"आलो गं, नॅन्सी. चहा टाकलाय," आतून आमोस म्हणाले.

कडी सरकली. आमोसनी माझ्या हातातून हात सोडवला, दाराकडे पाठ केली आणि पायरीवर पहाऱ्याला ताठ उभे राहिले.