वळणावरचे तीन दांडे

"हा कठडा मला या घरात दिसायला नको! आज सगळे दांडे निघाले पाहिजेत, एकूण एक... सांग त्यांना."

मुलगा बायकोला म्हणाला. बाप चार हातांच्या अंतरावर खुर्चीत बसला होता. सून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत म्हणाली, "अहो, इथेच तर बसलेत. ऐकू येतं त्यांना."

"तरी सांग."

"बाबा, हे म्हणतायत..."

"काढू दे," म्हातारा म्हणाला आणि हातातल्या चहाकडे बघत बसला. चहावर साय धरली होती. केव्हा धरली ते त्याला कळलं नव्हतं.

आठ महिने या घरात बापलेकांचं बोलणं असं सुनेच्या तोंडून चालत होतं. आठ महिन्यांपूर्वी मुलाची आई या जिन्यावरून पडली आणि त्याच संध्याकाळी गेली. कठड्याचा दांडा तिच्या हातात निघून आला. तो दांडा म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने कातलेला होता. "माझंच काम कच्चं राहिलं," असं तो त्या दिवशी चारचौघांत म्हणाला होता, आणि मुलाने तेवढंच धरून ठेवलं होतं.

म्हातारा जन्मभर कातारी होता, लाकूड फिरवून त्याला आकार देणारा. लग्नानंतर हे घर उभं राहिलं, तेव्हा कारखान्यातून आल्यावर रोज एक असे त्याने या जिन्याचे दांडे लेथवर कातले होते. प्रत्येकाला खाली फुगीर पोट, वर बारीक गळा, गळ्यात दोन वळ्या. दर आठवड्याला त्याची बायको जुन्या सुती साडीचा बोळा घेऊन पायऱ्यांवर बसायची आणि तिचं सुरू व्हायचं. "यांची पोटं नि गळे पुसता पुसता माझं पोट खपाटीला गेलं! सरळसोट दांडे केले असते तर काय बिघडलं असतं हो? पण नाही, यांना कला दाखवायची होती!" बोलायची आणि पुसायची. एखादा दांडा जास्त चमकला की त्याला हलकेच चापट मारायची.

त्याचा नियम एकच. लाकडात लोखंड घालायचं नाही. दांड्याच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचं, ते पायरीतल्या खाचेत ठोकून बसवायचं आणि आडवी लाकडी खुंटी मारायची. लाकूड फुगतं, आकसतं, खुंटी त्याच्याबरोबर फुगते, आकसते. खिळा हट्टी, तो जागचा हलत नाही आणि भोक मोठं करत बसतो. हे त्याने मुलाला लहानपणापासून शंभरदा सांगितलं होतं.

आणि तरीही मुलाने वळणावरच्या तीन दांड्यांना खिळे मारले होते.

गेल्या वर्षी मोठं कपाट वर न्यायचं होतं. ते वळणावर अडकलं. बाप घरी नव्हता. मुलाने तीन दांडे करवतीने बुडातून कापून काढले, कपाट वर चढवलं, आणि दांडे परत उभे करून तिरपे खिळे ठोकले. आईने दांडा धरला होता. "लवकर आटप रे, ते आले तर दोघांनाही सोलून काढतील," असं ती हसत म्हणाली होती.

ती वळणावरूनच पडली. तेच तीन दांडे सुटले. घरात तेव्हा म्हातारा एकटा होता. तिला इस्पितळात नेलं, तिथेच ती गेली, आणि मुलगा कागदांवर सह्या करत असताना तिला नेसवायची साडी आणायला म्हणून तो घरी आला. त्याने वाकडे झालेले खिळे सरळ केले. तीनही दांडे परत बसवले, सांध्यात सरस ओतला. मग तो वरच्या पायरीपाशी गेला. तिथला त्याने स्वतः बसवलेला दांडा इतक्या वर्षांत केसभरही हललेला नव्हता. त्याची खुंटी त्याने बारीक पात्याच्या करवतीने आतून कापली आणि दांडा उपटून खाली टाकला. सगळ्यांना दाखवायला!

ते काम आपण कसं केलं ते त्याला आठवत नव्हतं. हातांना आठवत होतं. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही... जेवायला वाढलं की जेवायचं, अंथरूण घातलं की झोपायचं. वरच्या खोलीत तो त्यानंतर गेलाच नाही. खाली बैठकीत झोपायचा.

वेल्डर आला. आडदांड, तोंडाळ माणूस. नवे काळे लोखंडी गज त्याने भिंतीशी उभे केले आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली. पहिला दांडा हलेना. दुसरा हलेना. शेवटी त्याने कटर लावला.

"काका, हे कुणी बसवलंय हो? सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ठाण मांडून बसलेत. निघायचं नावच नाही!"

सून हसली. म्हाताऱ्याने मान हलवली. तो वळणाकडे बघत होता. आणखी पाच दांडे... आणखी चार...

"वळणावरचे तीन मी काढतो," तो एकदम उठून म्हणाला.

"तुम्ही कशाला काका? बसा आरामात."

"मी काढतो म्हटलं ना!"

त्याचा आवाज इतका चढला की मुलगा आतून बाहेर आला. "काय चाललंय यांचं?" त्याने बायकोला विचारलं.

तोवर वेल्डरने वळणावरच्या दांड्याला हिसका दिलाही होता. दांडा कडकन हातात आला. "अरेच्चा! हा तर खिळ्यांवर. बाकी एवढं पक्कं काम आणि इथे असा खेळ? बघा की साहेब, खिळे एकदा उपटून निघालेत, वाकलेत, मग सरळ करून परत मारलेत. वरून सरस." तो दोन पायऱ्या वर गेला, वाकून बघू लागला. "आणि वरच्या या रिकाम्या खाचेतली खुंटी कुजून मोडलेली नाही हो. कापलीय. करवतीने. नीटनेटकी कापलीय."

मुलाने खिळा हातात घेतला. छोटा, चपट्या डोक्याचा, तसबिरीला मारतात तसला. त्यानेच शोधून आणलेला. तो कितीतरी वेळ खिळ्याकडे बघत राहिला. मग वरच्या पायरीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"आई वरच्या पायरीवरून पडली नाही," तो म्हणाला.

वेल्डरने कटर खाली ठेवला आणि सुनेच्या खुणेसरशी तो मुकाट्याने अंगणात गेला.

"बाबा!" आठ महिन्यांनी तो शब्द त्याच्या तोंडून बापाला उद्देशून निघाला. "मी तुमच्या ताटाकडे पाठ करून जेवलो... लोकांना सांगत फिरलो की यांच्या हातानं माझी आई गेली... आणि तुम्ही ऐकून घेतलंत? का बाबा? का?"

"ती गेली होती," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "मग मी तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, याला कळलं तर हाही जाईल."

मुलगा पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "माझ्यामुळे... माझ्यामुळे..."

"सगळं तुझ्यामुळे नाही. ऐक. तू कपाट चढवलंस त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. कठड्यावर हात ठेवला आणि कळलं. मी जन्मभर हेच केलं, मला कळणार नाही? म्हटलं, पोराला आणि तिला लाजवायला नको, सवडीने काढून नीट बसवीन. दोन महिने रोज म्हणत होतो, उद्या... ते तीन दांडे तुझे आणि ते दोन महिने माझे. तेव्हा माझं काम कच्चं राहिलं म्हणालो ते खोटं नव्हतं रे."

मुलाने बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. म्हाताऱ्याचा हात त्याच्या केसांवर पडला आणि तिथेच राहिला. सून जिन्याच्या तोंडाशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

"ठेवू या हे दांडे," मुलगा म्हणाला. "मी परत बसवतो. खुंट्या मारून. तुम्ही शिकवा."

"नको. गजच बसव," म्हातारा म्हणाला. "तिला सरळच हवे होते."

संध्याकाळपर्यंत गज बसले. वेल्डर गेला. म्हातारा उठला, बैठकीतल्या कपाटाच्या खालच्या खणातून त्या जुन्या साडीचा बोळा घेऊन आला आणि पहिल्या पायरीवर बसला. त्याने पहिला गज वरून खाली पुसला. एकाच हाताने, एकाच दमात. ना पोट, ना गळा, ना वळी. दुसरा पुसला. तिसरा. वळणापर्यंत पोचायला त्याला फारसा वेळ लागला नाही.

"एवढंच?" तो स्वतःशी म्हणाला. "एवढंच होतं काय गं काम..."

आणि मग त्याने तो बोळा तोंडाशी धरला. त्याचे खांदे हलू लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मुलगा त्याच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "बाबा, वर चला. तुमची गादी मी उन्हात घालून आणलीय."

म्हातारा उठला. मुलगा कठड्याच्या बाजूने, तो भिंतीच्या बाजूने, असे दोघे वर चढत गेले.